मैदान आणि मंच यांच्या मधली नोकरी

अनुदानित महाविद्यालयाच्या भरतीच्या जाहिरातीत सहायक प्राध्यापकांची लांबलचक यादी संपली की खाली दोन ओळी उरतात: ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक. एका महाविद्यालयाला एक जागा. त्या जागेवर आलेले सर किंवा मॅडम जूनमध्ये मैदान आखून घेतात, पाऊस ओसरला की कबड्डी-खो-खोचे संघ घेऊन विभागीय स्पर्धांना जातात, युवक महोत्सवाचं पत्र आलं की लोकनृत्य बसवायला घेतात आणि गॅदरिंगच्या आठवड्यात शेवटची मुलगी घरी जायला निघेपर्यंत हॉलमधून हलत नाहीत. यातल्या नाचाचा जाहिरातीत उल्लेख नसतो. इंदापूर, बारामती, अकलूज या पट्ट्यात मात्र ते काम बहुतेक वेळा त्यांच्याच गळ्यात पडतं. कारण साधं आहे. मुलांना ओळीत उभं करणं, शिट्टीवर थांबवणं, दमवणं आणि दमलेल्या मुलांकडून तेच पुन्हा करून घेणं ज्याला जमतं, त्याच्याकडेच नाच जातो.

या नोकरीबद्दल बोलताना पगार, पदोन्नती, रिक्त जागा यांचीच चर्चा होते. ती व्हायलाच हवी आणि पुढे मीही करणार आहे. पण मुळातला प्रश्न वेगळा आहे. नाच आणि व्यायाम यांची खाती आपण सरकारदरबारी वेगळी केली आणि त्या दोन्हींना सांधणारा शिक्षक घडवायची सोयच ठेवली नाही. गावात ही खाती कधी वेगळी नव्हती.

बावड्याचंच बघा. इंदापूर-अकलूज रस्त्यावरचं, नीरेच्या अलीकडचं, उसाचं गाव. आषाढवारीत तुकोबांची पालखी इंदापूरचा मुक्काम हलवून बावड्यावरून सराटीला जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नीरास्नान करून सोलापूर जिल्ह्यात शिरते. त्याआधी काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवडीला आणि इंदापूरला गोल रिंगण झालेलं असतं. या वाटेवर पावली खेळणारे टाळकरी एखाद्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकाने जवळून पाहायला हवेत. दोन रांगा समोरासमोर, मधे मृदंग. पाय पुढे पडतो तसा देह गुडघ्यातून लवतो, टाळ छातीशी येतात, पाय मागे घेताना पाठ पुन्हा सरळ होते. मृदंगाची लय एकदम वाढत नाही. वादक रांगांचा श्वास बघत ती चढवतो, टिपेला नेतो, मग सैल सोडतो आणि पुन्हा चढवतो. व्यायामशास्त्रात कमी-जास्त तीव्रतेचे टप्पे पाडून जे शिकवतात, ते इथे साठीचा शेतकरी दिवसभर चालून आल्यावर करत असतो. मग फुगड्या, हुतूतू, मनोरे. याला भजन म्हणा, नाच म्हणा, खेळ म्हणा. करणाऱ्याला त्याची वर्गवारी लागत नाही.

दुसरं उदाहरण गजीनृत्याचं. इंदापूर, माळशिरस, सांगोला, माण या कमी पावसाच्या पट्ट्यात धनगर समाजाचे पुरुष बिरोबाच्या यात्रेत ढोलाभोवती फेर धरतात. अंगरखा, धोतर, फेटा आणि हातात रंगीत रुमाल. पावलांची रचना वरवर साधी वाटते, पण फेर न मोडता दिशा बदलणं आणि रुमालाचा झटका ढोलाच्या थापेवरच पडणं याला वर्षं लागतात. या मंडळींना महाविद्यालयात बोलावलं तर ते शिकवू शकतात. बोलावण्यासाठी आजवर कुठलं खातं नव्हतं, एवढीच अडचण.

आणि लेझीम. तालमीतून शाळेत आणि शाळेतून मिरवणुकीत गेलेलं हे साधन मला या सगळ्या प्रश्नाच्या मधोमध उभं दिसतं. हातात धरायचा दांडा, त्याला लोखंडी साखळी आणि चकत्या. तालमीत ते ताकदीचं साधन होतं, म्हणून जुन्या लेझमा जड असत. शाळेत आलेली लेझीम हलकी झाली. हुकूम मात्र आजही तालमीतलेच, हिंदीतले: होशियार, चार आवाज, आदि लगाव, पवित्रा, दो रुख. 'चार आवाज' शिकवताना चांगला शिक्षक आधी पाय हलवूच देत नाही. नुसते हात, साखळी उघडून बंद, आवाज एकसाथ येईपर्यंत. पन्नास पोरांचा आवाज एक झाला की मग पाय. घाईत पाय आधी शिकवलेला संघ कुठलाही कानाने ओळखता येतो, कारण साखळी खुळखुळते, वाजत नाही. हलगीवाल्याने लय वाढवली की अशा संघाची मागची रांग आधी फुटते. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनात चारशे लेझीमपटूंनी जे सादर केलं ते देशाने पाहिलं. २६ जानेवारी २०१४ला सांगलीत सात हजारांवर विद्यार्थी एकाच वेळी लेझीम खेळले. एवढ्या मोठ्या संख्येला एका आवाजात आणणारे लोक क्रीडाशिक्षक असतात. त्यांना कोणी नृत्यदिग्दर्शक म्हणत नाही.

आपल्याकडच्या शारीरिक शिक्षणाचा इतिहास याच मातीतून उगवला. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव यांनी देशी भाषांतल्या हुकमांवर चालणारा संघव्यायाम रुजवला. त्यांचेच शिष्य स्वामी कुवलयानंद यांनी १९२४मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं केलं आणि पुढे मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या धोरणालाही दिशा दिली. अमरावतीत वैद्य बंधूंचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. मद्रासला हॅरी बक यांचं वायएमसीए महाविद्यालय १९२०मध्ये सुरू झालं, मुंबई सरकारची कांदिवलीची प्रशिक्षण संस्था १९३८मध्ये. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाने चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय काढलं ते १९७७ साली. या संस्थांतून निघालेले शिक्षक लेझीम, डंबेल्स, टिपऱ्या आणि सामूहिक कवायती घेऊन गावोगाव गेले.

१९३६च्या उन्हाळ्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या मंडळाचा चमू बर्लिनला गेला आणि त्याने कबड्डी, मल्लखांब आणि इतर देशी व्यायामप्रकार दाखवले. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली होती आणि तिथे मुंबईच्या मादाम मेनका आपला नृत्यसंच घेऊन उतरल्या होत्या. त्यांच्या कामाचा तिथे गौरव झाला. त्यांनी पुढे खंडाळ्याला नृत्यालयम ही शाळा काढली. आजच्या महाराष्ट्रातले हे दोन चमू, एकाच शहरात, देहाचीच भाषा बोलत होते. देशात परतल्यावर एकाचा वारसा क्रीडाखात्याकडे गेला, दुसऱ्याचा सांस्कृतिक खात्याकडे.

जगात सगळीकडे असं झालेलं नाही. अमेरिकेत विद्यापीठातलं नृत्य शारीरिक शिक्षणाच्याच दारातून आत आलं. विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्गारेट एच'डूब्लर नावाची बाई बास्केटबॉल शिकवत असे. महिला शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख ब्लँच ट्रिलिंग यांनी तिला न्यूयॉर्कला पाठवताना, विद्यापीठातल्या मुलींनी वेळ द्यावा असं काही नृत्य सापडतं का ते पाहून यायला सांगितलं. तिथल्या कुठल्याच नृत्यशाळेची पद्धत तिला जशीच्या तशी पटली नाही. परत आल्यावर तिने १९१७मध्ये स्वतःच्या रीतीने वर्ग सुरू केला: मुलींना जमिनीवर आडवं करायचं, वर्गात हाडांचा सांगाडा आणून सांधा कसा फिरतो ते दाखवायचं, आणि स्वतः नाचून दाखवायचं नाही, म्हणजे मुली नक्कल करत बसणार नाहीत. १९२६मध्ये याच विभागात अमेरिकेतला विद्यापीठीय नृत्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम उभा राहिला. जपानने तर २०१२पासून माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांत मुलगे-मुली दोघांनाही शारीरिक शिक्षणाच्या तासात नृत्य सक्तीचं केलं.

आपल्याकडे नृत्याचं विद्यापीठीय शिक्षण आलं ते शास्त्रीय नृत्याच्या वाटेने, आणि ती वाट समृद्ध आहे. रोहिणी भाटे यांनी १९४७मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७चं. मुंबईत कनक रेळे यांनी नालंदा उभं केलं. या आढाव्यात त्यांचं नाव मला विशेष महत्त्वाचं वाटतं, कारण नाचणाऱ्या देहात वजन कुठे पडतं, सांधा कुठे वळतो, हालचालीची सुरुवात कुठून होते, याचा शास्त्रीय विचार त्यांनी नृत्यशिक्षणात आणला. बावड्याच्या किंवा निमगावच्या मुलीपर्यंत हे सगळं पोचतं का? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे बारामतीसारख्या शहरात कथक-भरतनाट्यमचे वर्ग चालतात. विशारदपर्यंत जायला मात्र सलग सात-आठ वर्षं लागतात आणि खेड्यातून रोज तालुक्याला ये-जा करणाऱ्या मुलीचा शनिवार-रविवार शेतात किंवा घरकामात जातो. तिला नाच भेटतो तो महाविद्यालयातच. शिकवायला असतात खेळाचे सर.

आता या सरांच्या पात्रतेचे नियम बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी, नेट-सेट किंवा पीएच.डी., खेळाडू म्हणून आंतरमहाविद्यालयीन किंवा त्याहून वरच्या स्पर्धांची कामगिरी आणि शिवाय शारीरिक क्षमता चाचणी. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुषाने बारा मिनिटांत १८०० मीटर धावायचं, स्त्रीने आठ मिनिटांत १००० मीटर; वय वाढतं तसं अंतर कमी होतं. हा नियम मला मनापासून आवडतो. इतर कुठल्या प्राध्यापकाला आपला विषय अंगात आहे हे असं सिद्ध करावं लागतं? त्याच नियमावलीत नृत्याच्या प्राध्यापकासाठी वेगळी वाट आहे. तिथे पदव्युत्तर पदवी नसलेल्या पण गुरूकडे शिकून आकाशवाणी-दूरदर्शनची 'ए' श्रेणी मिळवलेल्या कलावंतालाही जागा आहे. नेटच्या यादीत शारीरिक शिक्षणाचा क्रमांक ४७, नृत्य-नाट्याचा ६५. दोन वाटा, दोन्ही विचार करून आखलेल्या, आणि एकमेकींना कुठेही न मिळणाऱ्या. ४७ क्रमांकाने आलेल्या शिक्षकाला ६५चं काम करावं लागतं आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात लेझीम, डंबेल्स, टिपरी, रिंग, सामूहिक कवायत हे सगळं आहे. २०१४च्या नियमांनी हा अभ्यासक्रम एका वर्षावरून दोन वर्षांचा झाला, तेव्हा लय आणि नृत्य यांना वाढीव जागा द्यायची चांगली संधी होती. तालाचे आकडे, मात्रा, सम, लोकवाद्यांची ओळख, पायाखालच्या जमिनीचा विचार हे त्यात आलं असतं. जमिनीचा मुद्दा बारीक वाटेल, पण नाचाच्या बहुतेक तालमी सिमेंटच्या कोब्यावर किंवा फरशीवर होतात. आठ दिवस रोज तीन तास उड्या मारल्यावर मुलींच्या नडग्या ठणकतात आणि दुखणं गॅदरिंगनंतर महिनाभर पुरतं. धावपटूला सराव वाढवताना आठवड्याचं गणित सांगणारे हेच शिक्षक नाचाला ते गणित लावत नाहीत, कारण नाच हा त्यांना विषय म्हणून कोणी शिकवलेलाच नाही. ज्यांच्या हे लक्षात येतं ते तालमी मातीच्या मैदानावर नेतात.

युवक महोत्सवात लोकनृत्याच्या संघात दहा जण आणि वेळ दहा मिनिटं. वेशभूषा बदलण्यासकट सगळं त्यात बसवायचं. आंतरविद्यापीठीय पातळीवर 'इंद्रधनुष्य' महोत्सवापर्यंत पोचायचं तर विद्यापीठातून निवड व्हावी लागते. इथे भूगोलाची एक गंमत आहे: नीरा ओलांडून अकलूजला प्रवेश घेतला की विद्यार्थी सोलापूर विद्यापीठाचा होतो, अलीकडे इंदापूरला राहिला तर पुण्याचा. म्हणजे एकाच वाडीतले दोन भाऊ एकच गजीनृत्य घेऊन दोन विद्यापीठांकडून उतरू शकतात. पुण्याच्या महोत्सवात शहरी महाविद्यालयांकडे पगारी कोरिओग्राफर, भाड्याचे कपडे आणि ध्वनिमुद्रित संगीत असतं. खेड्यातल्या संघाची खरी ताकद जिवंत वाद्य आणि घरचा फेर. तरी दरवर्षी कितीतरी संघ मोबाइलवर पाहिलेल्या नाचाच्या चाली उचलून कोळीनृत्य नाहीतर गोंधळ बसवतात. शिक्षकाला दोष देणं सोपं आहे. त्याच्याकडे तीन आठवडे असतात, कबड्डीचा संघ त्याच काळात स्पर्धेला निघालेला असतो आणि गजीवाल्या मंडळींच्या प्रवासखर्चाला अंदाजपत्रकात शीर्षक नसतं.

मुलींच्या बाजूने पाहिलं तर हा प्रश्न अधिक टोकदार होतो. नीरेपलीकडे अकलूजची लावणी स्पर्धा महाराष्ट्राला माहीत आहे, चौफुल्याची तमाशा थिएटरं बारामतीपासून फार लांब नाहीत. इतका मोठा कलेचा वारसा शेजारी असूनही, किंवा त्यामुळेच, कितीतरी घरांत मुलीने स्टेजवर नाचण्याला आजही नाक मुरडलं जातं. त्याच घरांत लेझीम चालते, कवायत चालते, खो-खो चालतो. समजदार शिक्षिका हे ओळखून असतात. त्या मुलीला आधी लेझमीच्या पथकात घेतात, मग पथकातून समूहनृत्यात, आणि वडील बक्षीस समारंभाला येऊन गेल्यावर तिला पुढच्या रांगेत आणतात. उलट दिशेनेही ये-जा होते. नाचातून पायांची चपळाई आलेली मुलगी खो-खोच्या खांबाजवळ सुरेख वळते. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे व प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. त्यानंतर या भागातल्या पालकांशी बोलणं शिक्षकांना नक्कीच थोडं सोपं झालं असेल.

पैशाचं आता थोडक्यात. कायम जागेवर आलेल्या संचालकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये, सहायक प्राध्यापकाइतकंच. पण जागा किती? राज्याने नोव्हेंबर २०१८मध्ये भरतीला मान्यता दिली तेव्हा ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जोडीला शारीरिक शिक्षणाची १३९ पदं होती, सगळ्या महाराष्ट्रासाठी. एम.पी.एड. होऊन सेट उत्तीर्ण झालेली उरलेली मुलं-मुली तासिका तत्त्वावर, खासगी अकादमीत, पोलीस भरतीच्या वर्गात किंवा इंग्रजी शाळेत 'स्पोर्ट्स टीचर कम डान्स टीचर' म्हणून राबतात. शाळांची कथाही तशीच. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर पट असलेल्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक सांगितले. अर्धवेळ या शब्दातच त्या माणसाचं आयुष्य अडकलं. खासगी शाळेने दोन कामांना एक पगार लावला, हे खरं. पण दोन्ही कामं एका माणसाला येऊ शकतात हे तिने मान्य तरी केलं. सरकारी नियमांनी तेवढंही केलेलं नाही.

या पेशात वयाचाही हिशेब असतो. पंचविशीत स्वतः करून दाखवणारा शिक्षक पंचेचाळिशीत गुडघा धरून बसतो. ज्यांनी आयुष्यभर फक्त नक्कल करून घेतली, त्यांच्याकडे त्यानंतर शिकवायला काही उरत नाही. हालचाल शब्दांत सांगता येणं, बोलांत बांधता येणं, एका मुलीची चूक दुसरीच्या देहात दाखवता येणं, हे कमावलेले शिक्षक पन्नाशीनंतर अधिक चांगलं शिकवतात. एच'डूब्लरबाई सुरुवातीपासूनच करून न दाखवता शिकवत होती, त्यात मला याच दूरदृष्टीची खूण दिसते.

सध्या एक दार किलकिलं झालेलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने २०२३मध्ये पदवीची जी रचना लावली, तिच्यात सहअभ्यासक्रम नावाचा एक गट आहे आणि त्याला श्रेयांक आहेत. योग, क्रीडा, आरोग्य, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक उपक्रम आणि प्रयोगकला हे सगळं एकाच टोपलीत ठेवलं आहे. मैदान आणि मंच गुणपत्रिकेवर शेजारी बसले ते इथे. अनेक महाविद्यालयांनी या तासांना योगदिन आणि एखादं प्रश्नमंजुषेचं पान लावून काम भागवलं आहे. इंदापूर किंवा बारामतीच्या महाविद्यालयाला याच गटात लेझीम, पावली आणि गजीनृत्य यांचा तीस तासांचा अभ्यासक्रम विद्यापीठापुढे ठेवता येईल: दहा तास ताल आणि देहाची तयारी, पंधरा तास प्रत्यक्ष शिक्षण, पाच तास गावातल्या जाणत्यांशी बोलून केलेल्या नोंदी. शिकवायला गजीचे जाणते कसे आणायचे, हा जुना अडसरही आता तितका घट्ट नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थानिक कलावंतांना महाविद्यालयात निवासी कलावंत म्हणून नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वं २०२३मध्ये दिली आहेत, आणि त्यांना पदवीची अट नाही. प्रस्ताव कोणी लिहायचा, तर शारीरिक शिक्षण संचालकानेच. त्यासाठी प्राचार्यांनी त्याला युवक महोत्सवाच्या धावपळीतून निदान एक सत्र मोकळं द्यायला हवं, आणि नाचाच्या कामाचे तास त्याच्या कार्यभारात लेखी धरायला हवेत.